गरम इंजिन आणि ओलं फडकं



आजचा भाग म्हणजे एक दुरुस्ती आहे, आणि ती माझी आहे. मागच्या पर्वात, दिवाळीच्या सुमारास, याच मालिकेत मी ओल्या फडक्याचं भरभरून कौतुक केलं होतं. आठवत असेल तुम्हाला. उन्हाळ्यात गाडी तापून बंद पडली, सेल्फ फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॉनेट उघडून ओलं फडकं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा, गाडी निघते. आपल्या ट्रकवाल्यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपलंय, वगैरे. मी ते स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर बोललो होतो. अनुभव खरा होता. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता आणि पुढे तो आम्हाला फार महागात पडणार होता. म्हणून आज गरम गाडी सुरू न होण्याचा इतिहास जरा नीट सांगतो.

सुरुवात १९८६ च्या मे महिन्यापासून करू. मी अकरा वर्षांचा. आम्ही इंदूरचे. नाशिकला आत्याकडचं लग्न आटोपून बाबा, आई, धाकटी बहीण आणि मी आग्रा-मुंबई रस्त्याने परत निघालो होतो. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे: धुळे, शिरपूर, मग सातपुड्यातला बिजासनचा घाट, सेंधवा, तिथून उतरलं की निमाडची भट्टी. खलघाटला नर्मदा ओलांडायची, धामनोद, गुजरी, आणि मग विंध्याचा मानपूरचा चढ. तो चढला की माळवा, म्हणजे आमचं घर. दुपारी दोनला, मे महिन्यात, तापलेलं इंजिन घेऊन, पुढे रांगणाऱ्या ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ चढायचा. वाऱ्याचा झोत नाही, इंजिनवर भार पूर्ण.

गाडी आधी आचके द्यायला लागली आणि मग बसलीच. गाडी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता, त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा होता. बाबांनी आधीच तीन मिस्त्री करून झाले होते. एकाने कॉइल बदलली, एकाने कंडेन्सर आणि पॉइंट, तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत थंड झालेली असायची आणि एका सेल्फमध्ये चालू व्हायची. डॉक्टरच्या दारात ताप उतरणाऱ्या मुलासारखी. मिस्त्री बिचारा काय बघणार?

मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला, बॉनेटखाली एक नजर टाकली आणि म्हणाला, "पंप गरम हो गया है साब. कपड़ा गीला करो." आईने सुरईतलं पाणी पंच्यावर ओतलं. त्याने तो पंचा इंजिनच्या बगलेला असलेल्या एका छोट्या डबीवर गुंडाळला. वाफ निघाली. दहा मिनिटांत गाडी चालू. बाबा त्याला चहाचे पैसे द्यायला गेले तर तो हसून निघूनही गेला.

त्या डबीत काय झालं होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जायला हवं.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. हे उडून जाणं हाच पेट्रोलचा गुण. कार्ल बेंझने १८८६ च्या जानेवारीत ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, तिच्या कार्ब्युरेटरमध्ये तर इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि उडालेली वाफ सोबत घेऊन इंजिनात शिरायची. वाफ होणं हेच काम. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेली, सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत तिने विसलोखच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि इंजिन थंड राहावं म्हणून जिथे मिळेल तिथे पाणी भरत गेली. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास असा रस्त्यावरच्या दुरुस्त्यांनी भरलेला आहे, आणि मिस्त्री एक बाई आहे. या एका गोष्टीसाठी मला बर्थाबाईंवर वेगळा भाग करायचाय, पण तो पुन्हा कधी.

१८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने इंधनाचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला आणि पुढची शंभर वर्षं थोड्याफार फरकाने तोच चालला. एका वाटीत पेट्रोल, त्यावर तरंगता फ्लोट, बारीक जेट, आणि वाहणाऱ्या हवेने त्यातून ओढलेला फवारा. वाफ आता हवेत, सिलेंडरच्या तोंडाशी व्हायला हवी. त्याआधी नळीत झाली तर गडबड.

पण सुरुवातीला ही गडबड फारशी होत नसे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ खडा असेल तर टाकी कार्ब्युरेटरपेक्षा खाली जायची, म्हणून लोक डोंगर चक्क उलट्या गिअरमध्ये चढायचे. हसू नका, ते गणित बरोबर होतं.

मग गाड्या बुटक्या झाल्या आणि टाकी मागे, डिक्कीखाली गेली. आता पेट्रोल तिथून पुढे आणायचं कसं? १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनच्याच कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप रुळला. स्वस्त, साधा, वर्षानुवर्षं टिकणारा. पण तो बसवला इंजिनच्या अंगावर, सगळ्यात गरम जागी. आणि तो पेट्रोल ढकलत नाही, मागून ओढतो. ओढलं की नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. महाबळेश्वरला भात शिजायला वेळ लागतो तो याचमुळे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे आपण पेट्रोल तापवलं, वर त्याच्यावरचा दाबही काढून घेतला. नळीत बुडबुडे झाले. पंपाचा पडदा हलतोय, पण तो बुडबुडाच दाबतोय आणि सोडतोय. पेट्रोल पुढे सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. आपल्याकडे फियाटच्या वंशातली प्रीमियर पद्मिनी काय किंवा मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली अँबॅसिडर काय, दोघींचे मूळ आराखडे थंड युरोपातल्या रस्त्यांसाठी काढलेले. त्या निमाडच्या मे महिन्यात आल्या.

आता यात एक बारकावा आहे, आणि रोगनिदान इथेच चुकतं. चालत्या गाडीला लॉक होतो तो एक प्रकार. दुसरा प्रकार: गाडी छान चालली, तुम्ही चहाला थांबलात, वीस मिनिटांनी आलात आणि गाडी घेईना. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, पण लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते. इंजिन बंद झाल्यावर पहिली काही मिनिटं कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो. वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून आत सांडतं. म्हणजे इंजिनला पेट्रोल मिळत नाहीये असं नाही, नको इतकं मिळालंय. मिस्त्री म्हणतात "ओव्हर झालंय".

दोन्हींत तक्रार एकच, "गरम असताना स्टार्ट होत नाही", आणि उपाय उलटे. ओव्हर झालं असेल तर चोक अजिबात नको, ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, सोडायचा नाही, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. घाबरून पाय मारत राहिलात तर दर वेळी आणखी पेट्रोल आत. लॉक असेल तर मात्र पाय कसाही ठेवा, काही उपयोग नाही; नळी थंड व्हायला हवी. ओळखायचं कसं? नाकाने. पेट्रोलचा भपकारा येतोय, प्लग काढला तर ओला आहे, म्हणजे ओव्हर. प्लग कोरडा, एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघितलं आणि ऍक्सिलरेटर हलवल्यावर पिचकारी उडत नाही, म्हणजे वाटी रिकामी, म्हणजे लॉक.

आणि पेट्रोलचा संबंधच नसेल तर? कॉइलच्या आतलं इन्सुलेशन जुनं झालं की गरम झाल्यावर ठिणगी दुबळी पडते, थंड झाली की पुन्हा ठणठणीत. तिच्यावरही ओलं फडकं ठेवलं की गाडी चालू होते! म्हणून जुने उस्ताद फडकं आधी फक्त पंपावर ठेवायचे. चालू झाली तर पंप. नाही झाली तर कॉइलवर. दोन्हींवर एकदम ठेवलंत तर गाडी सुरू होईल, पण कळणार काहीच नाही. शिवाय फडकंच ठेवायचे, बादली ओतत नसत. लाल झालेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जातो. याला लोक 'जुगाड' म्हणतात तेव्हा मला राग येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही प्रयोगाची पद्धत आहे. तो ट्रकवाला ती न शिकता वापरत होता, किंवा कुणाकडून तरी शिकून वापरत होता. आपण विचारलं नाही इतकंच.

तिसरी शक्यता सेल्फची. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांवरचा सेल्फ १०० अंशांवर गेला की वळणांचा रोध पावपटीहून अधिक वाढलेला असतो. बॅटरी थोडी अशक्त, अर्थची तार गंजलेली, बुश झिजलेले. थंडीत हे सगळं खपून जातं, गरम असताना सेल्फ 'घर्र... घर्र...' करत रांगतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच: सेल्फ नेहमीच्या जोराने फिरतोय का? फिरत नसेल तर पेट्रोलकडे बघूच नका.

हे सगळं जग आपल्याकडे एका न्यायालयीन आदेशाने संपलं असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात नव्या गाड्यांना युरो-१ आणि पाठोपाठ युरो-२ मानकं लागू करायला सांगितलं. १ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' मानक आलं. त्याच वर्षी शिसं घातलेलं पेट्रोल देशात बंद झालं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ असं काटेकोर लागतं. ते जेट आणि फ्लोटच्या जोरावर साधणं अवघड. मग इंजेक्शन आलं. पद्मिनीचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं; मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. गंमत म्हणजे त्यातल्या कित्येक टॅक्स्या नंतर सीएनजीवर चालत होत्या. इंधन आधीच वायू असल्यावर त्याची वाफ होणार कशी! रोग गेला तो असा.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. तो ओढत नाही, मागून ढकलतो, तेही सुमारे ३ बार दाबाने, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो. व्हेपर लॉकचं मूळच कापलं गेलं.

हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. तरी २०२२ च्या मे महिन्यात, इंजेक्शनची, दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेऊन नाशिकहून इंदूरला परतताना गुजरीला चहासाठी थांबलो, वीस मिनिटांनी आलो आणि गाडी घेईना, तेव्हा मी काय केलं असेल? बॉनेट उघडलं आणि आईला म्हटलं, पाण्याची बाटली आण. पंपाची डबी शोधली. ती नव्हतीच. मग इंजेक्टरच्या नळीवर टॉवेल ओला करून टाकला. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली. आई म्हणाली, "बघ, तुझ्या बाबांसारखंच." त्या वाक्याने मी इतका सुखावलो की पुढचा प्रश्न मनात आलाच नाही: टॉवेलने चालू झाली, की अर्ध्या तासाने?

तोच किस्सा मी दिवाळीत तुम्हाला सांगितला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तोच घाट, तीच गाडी, शेजारी आई, वय ७८. या वेळी गाडी थांबल्यावर नाही, चालता चालता मेली, वळणावर, चढावर. काटे खाली, स्टिअरिंग जड, ब्रेकचा पेडल दोन दाबांनंतर दगडासारखा. मागे भरलेला ट्रेलर. त्याचा हॉर्न मी अजून ऐकतो. तो आमच्या डिक्कीपासून हातभर अंतरावर थांबला. आई काही बोलली नाही, तिने फक्त दाराचं हँडल घट्ट धरलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत धरलेलंच होतं.

इंदूरच्या गॅरेजमधल्या मुलाचं वय पंचविशीच्या आतलं. त्याने विचारलं, "सेल्फ मारते वक़्त आरपीएम की सुई हिलती थी?" मी बघितलंच नव्हतं. इंजिन फिरवताना तो काटा थोडा तरी उचलला जातो. नाही उचलला तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायचा. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकापाशी बसलेली बारीक तारेची ही वेटोळी. चाक फिरलं की तिच्यात वीज उमटते आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की ठिणगी केव्हा द्यायची, पेट्रोल केव्हा सोडायचं. जुनी झाली की गरम होऊन आतली तार प्रसरण पावते, जोड सुटतो, संदेश थांबतो. कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही नाही. थंड झालं की जोड पुन्हा लागतो. स्कॅनरवर कधी खूण राहते, कधी राहत नाही. या गाडीत राहिली नव्हती.

त्या मुलाने सेन्सर काढला, मल्टीमीटर लावला. आकडा ठीक. मग त्याने हेअर ड्रायर चालू केला आणि सेन्सर तापवायला लागला. दीड-दोन मिनिटांनी मीटरवरचा आकडा नाहीसा झाला. तार तुटलेली. ड्रायर बाजूला केला, थोड्या वेळाने आकडा परत. जो ताप डॉक्टरच्या दारात उतरायचा, तो त्याने टेबलावर पुन्हा चढवून दाखवला. बाबांच्या तिन्ही मिस्त्र्यांना हे सुचलं असतं तर!

सेन्सर दीड हजाराच्या आत बदलून झाला. एक वर्ष आधी, गुजरीला, मी टॉवेल न टाकता नुसता काट्याकडे बघितलं असतं तर हेच काम तेव्हाच झालं असतं.

तुमच्यापैकी कुणाच्या इंजेक्शनच्या गाडीला ही तक्रार असेल तर आणखी दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. तो बिघडून तापलेलं इंजिन थंड आहे असं सांगत असेल तर कॉम्प्युटर चोक दिल्यासारखं पेट्रोल ओततो. जुन्या 'ओव्हर'चाच हा नवा अवतार. दुसरी, टाकीतल्या पंपाची एकदिशा झडप. ती गळत असेल तर गाडी उभी असताना नळीतला दाब उतरतो आणि तापलेल्या इंजिनवरचं पेट्रोल तिथल्या तिथे उकळतं. म्हणजे आपला जुना व्हेपर लॉक मागच्या दाराने परत. याची खूण सोपी: चावी नुसती 'ऑन' करायची, मागे पंपाचा दोनेक सेकंद गूं आवाज येतो तो थांबू द्यायचा, बंद, पुन्हा ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ. त्याने हमखास चालू होत असेल तर रोग तिथे आहे.

ज्यांनी जुनी कार्ब्युरेटरची गाडी हौसेने जपलीय, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. आता पंपावर मिळतं ते बहुतेक वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो. शिवाय जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. पाइप बदला, ते एक्झॉस्टपासून लांब बांधा, कार्ब्युरेटरखालचा बेकलाइटचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना ते बघा. मागच्या कुठल्या तरी मिस्त्रीने तो काढून फेकलेला असण्याची शक्यता दांडगी. आणि हो, तुमच्या डिक्कीत फडकं असू द्या. तुमच्या गाडीला ते अजून लागू आहे.

माझ्या गाडीतही आहे. मी काढून टाकलं होतं, आईने परत ठेवलं. यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा नाशिकला जाऊन आलो, गुजरीला मुद्दाम थांबलो, चहा घेतला, वीस मिनिटं मोजली. मी चावी फिरवली तेव्हा ती डॅशबोर्डकडे वाकून आरपीएमच्या काट्याकडे बघत होती.

पुढच्या भागात हँडल मारून गाडी चालू करण्याचा काळ आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला सेल्फ. तोवर नमस्कार.